ही कुणाची पोर?

प्रिय ताई,

मी सोळा वर्षांची आहे. माझी आई मराठी, बाबा दुसऱ्या देशातले. दोघांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, रंगही वेगळा. मला दोन्ही भाषा येतात आणि दोन्हीकडचे लोक मला विचारतात, 'पण तू नक्की कुठली?' त्याची आता सवय झाली आहे. आजीनं मात्र हे कधीच विचारलं नव्हतं. ती आईची आई. मी लहान असल्यापासून आमच्याकडेच राहते. बाबांशी नीट बोलता यावं म्हणून साठी उलटल्यावर ती त्यांची भाषा शिकली. एका वहीत ते शब्द देवनागरीत लिहून पाठ करायची. ती वही अजून तिच्या उशाशी असते.

दोन वर्षांपूर्वी तिला अल्झायमर असल्याचं कळलं. आठ महिन्यांपूर्वी आई-बाबा वेगळे झाले आणि बाबा दुसऱ्या गावी राहायला गेले. आजीच्या हे लक्षातच राहत नाही. रोज संध्याकाळी ती दाराशी येऊन विचारते, 'जावई अजून कसे आले नाहीत?' आई आतल्या खोलीत निघून जाते. उत्तर मला द्यावं लागतं. एकदा मी ओरडले, 'ते येणार नाहीत, सोडून गेलेत आपल्याला!' ती खूप रडली. दहा मिनिटांत विसरली. मी नाही विसरले.

मागच्या महिन्यात माझ्या कुरळ्या केसांकडे बघून तिनं आईला विचारलं, 'ही कुणाची पोर गं? आपल्या घरात असे केस नाहीत कुणाचे.' हे केस बाबांचे. लहानपणापासून तीच ते विंचरायची, दुसऱ्या कुणाला गुंता सोडवता यायचा नाही. बाबांची भाषाही ती पार विसरली आहे. मला वाटतं, ती आत्ता खरं बोलली. इतकी वर्षं मनात हेच असणार. बाबा गेले, आता आजीनंही मला काढून टाकलं. कधीकधी वाटतं, हे सगळं एकदाचं संपावं. मग स्वतःचीच लाज वाटते.

– दोन्हीकडची, कुठलीच नाही

•

पोरी,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. सांगण्यासारखं बरंच आहे, पण आधी त्या एका वाक्याबद्दल बोलू, कारण रात्री झोप उडवणारं वाक्य तेच असणार: 'ती आत्ता खरं बोलली.'

नाही बाळा. ती खरं बोलली नाही आणि खोटंही बोलली नाही.

आजारी माणूस भान सुटलं की मनातलं बोलतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. जणू मनात एक झाकलेला डबा आहे आणि आजारानं त्याचं झाकण उडालं. अल्झायमर झाकण उडवत नाही, तो डब्यातलं खातो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो, नव्या आठवणी पक्क्या करण्याचं काम त्याचं. हा आजार बहुतेकांच्या बाबतीत तिथं आणि त्याच्या आसपास आधी पोचतो. त्यामुळे आधी आजचं आजच पुसलं जातं आणि मग पुसणं मागे मागे सरकत जातं. तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८८१ मध्येच हे लिहून ठेवलं होतं: जे शेवटी आलं ते आधी जातं, जे सगळ्यात जुनं ते सगळ्यात उशिरापर्यंत टिकतं.

आता हे आजीला लावून बघ. तिचं वय तू लिहिलेलं नाहीस, पंचाहत्तरीच्या पुढे असेल असं धरते. तिच्या इतक्या लांब आयुष्यात तू आलीस ती शेवटच्या सोळा वर्षांत. तुझे बाबा त्याच्या थोडे आधी. त्यांची भाषा तर साठीनंतर. म्हणजे या आजारानं आधी नेमकं काय उचललं असेल? तेच, जे तुझ्या वाट्याचं होतं. आजीला ते नकोसं होतं म्हणून नाही, सगळ्यात वर ठेवलेलं होतं म्हणून. नंतर शिकलेली भाषा विसरून माणसं आपल्या पहिल्या भाषेकडे परतल्याचं या आजारात डॉक्टरांना पुष्कळदा दिसतं. आजीनं बाबांची भाषा टाकून दिली नाही. ती तिच्या हातातून निसटली.

त्या दिवशी तिनं तुझ्याकडे बघितलं तेव्हा ती बहुधा तुमच्या आजच्या घरात नव्हतीच. ती एका जुन्या घरात उभी होती, जिथं तुझी आईच शाळेत जाणारी असेल. त्या घरात खरोखरच कुणाचे केस कुरळे नव्हते. तिनं तुला काढून टाकलं नाही गं. ती अजून तुझ्यापर्यंत येऊनच पोचली नव्हती.

आजीच्या मनात कधी काहीच आलं नसेल, असं मी तुला छातीवर हात ठेवून सांगणार नाही. परक्या भाषेचा, परक्या धर्माचा जावई स्वीकारणं तिलाही सुरुवातीला जड गेलं असेल. पण त्यानंतर तिनं काय केलं ते बघ. साठी उलटलेली एक बाई वही घेऊन बसते. अनोळखी भाषेतले शब्द आपल्या अक्षरांत लिहिते, पाठ करते, चुकते, पुन्हा लिहिते. त्या वयात नवी भाषा शिकणं किती कठीण असतं, हे ज्यानं प्रयत्न केला आहे त्यालाच ठाऊक. घरात जावयाशी मान डोलावून, हसून वेळ निभावता आली असती, बऱ्याच सासवा आयुष्यभर तेच करतात. तिला ते पुरेसं वाटलं नाही. एका बिघडलेल्या संध्याकाळचं एक वाक्य आणि कित्येक महिने भरलेली ती वही यांतलं आजीचं कुठलं मानायचं, हे तू ठरव. मी वहीच मानेन.

माझ्या आईला हाच आजार होता. शेवटची काही वर्षं ती मला आपली मोठी बहीण समजायची. मी वर्षभर तिला दुरुस्त करत राहिले. 'आई, मी तुझी मुलगी. मावशी नाही.' प्रत्येक वेळी तिचा चेहरा असा व्हायचा, जसा फळ्यासमोर उभं करून विचारलेलं गणित न येणाऱ्या मुलाचा होतो. मला वाटायचं, मी तिला परत आणते आहे. प्रत्यक्षात मी रोज तिची परीक्षा घेत होते आणि रोज तिला नापास करत होते. नंतर थांबले. तिच्या बहिणीशी तिला जे बोलायचं होतं ते ऐकत बसले, तेव्हा आईचं लहानपण मला पहिल्यांदा कळलं. हे शहाणपण मला पन्नाशीत आलं. तुझ्याकडून सोळाव्या वर्षी याची अपेक्षा कुणी करू नये, तूही करू नकोस.

आता संध्याकाळबद्दल. आजी रोज त्याच वेळी दाराशी येते, हा योगायोग नाही. या आजारात दिवस कलला की अनेकांचा गोंधळ आणि अस्वस्थपणा वाढतो. दिवसभराचा थकवा असतो, उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, शरीराचं घड्याळही बिघडलेलं असतं. म्हणून अंधार पडायची वाट न बघता आधीच दिवे लावा, पडदे ओढून घ्या, टीव्हीचा आवाज कमी करा. त्या वेळी तिच्या हाताला काहीतरी काम द्या: कपड्यांच्या घड्या, मोजे जुळवणं, काहीही. प्रश्न बंद होईलच असं नाही, पण त्याची धार कमी होते.

आणि प्रश्न आलाच, तर त्यातल्या माहितीला उत्तर देऊ नकोस, काळजीला दे. 'जावई अजून कसे आले नाहीत?' म्हणजे घरातलं एक माणूस बाहेर आहे आणि अंधार पडतो आहे. 'तुला त्यांची काळजी वाटते ना, आजी? ते बरे आहेत. ये, बस माझ्याजवळ.' यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलावं लागत नाही आणि आई-बाबा वेगळे झाल्याची बातमी तिला रोज नव्यानं ऐकावी लागत नाही. कारण तिच्यासाठी ती दर वेळी नवीच असते, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. 'मला ओळखलंस का?' हेही विचारत जाऊ नका, कुणीच नाही. समोर जाऊन आपलं नाव आपणच सांगायचं.

तू ओरडलीस त्याबद्दलही बोलते, कारण ते तुला आतून खातं आहे. आजी दहा मिनिटांत विसरली हे अर्धंच खरं आहे, आणि मी तुझ्यापासून काही लपवणार नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर असलेल्या माणसांना आधी दुःखाच्या आणि नंतर आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळानं त्यांना बघितलेलं फारसं आठवत नव्हतं, पण त्यातून आलेली भावना मात्र मनात रेंगाळत होती. म्हणजे त्या दिवशी आजीला कारण न कळता थोडा वेळ वाईट वाटत राहिलं असेल. पण हाच नियम उरलेल्या सगळ्या दिवसांनाही लागू आहे. तू तिच्याजवळ बसलीस, तिचा हात हातात घेतलास, ते ती विसरली तरी बरं वाटणं मागे उरतं. एका ओरडण्याची भरपाई तू कधीच केली असशील, तुला त्याचा हिशोब लागला नाही इतकंच.

यापुढचं तुझ्या आईनंही वाचावं असं मला वाटतं, म्हणून स्पष्ट लिहिते. आजीचा प्रश्न आला की आई आतल्या खोलीत जाते. मला तिचा राग येत नाही. तिचं लग्न मोडलं आहे, आई डोळ्यांदेखत हरवते आहे, आणि तीच आई तिला रोज नवऱ्याबद्दल विचारते. कुणालाही तिथं उभं राहणं कठीण जाईल. पण ती आत गेली की दारात तू उरतेस. मोठ्यांच्या मोडलेल्या संसाराचं उत्तर रोज संध्याकाळी सोळा वर्षांच्या मुलीनं द्यायचं, हे बरोबर नाही. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलांना लहानपणापासून दुभाषा व्हायची सवय लागते. याचं त्याला सांग, त्याचं हिला समजावून दे. करता करता ती आई-बाबांमधले निरोप पोचवू लागतात, मग एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून निरोपातले शब्द मऊ करू लागतात. तू हे करतेस की नाही, पत्रात नाही, पण मला शंका आहे. करत असलीस तर सोड. 'हे तुम्हीच एकमेकांशी बोला,' एवढं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे.

आईशी बोलायला आजी झोपल्यानंतरची वेळ निवड, भांडणानंतरची नको. फार मोठं बोलावं लागणार नाही. 'आई, संध्याकाळचं उत्तर मी एकटी देऊ शकत नाही. आठवड्यातले कुठले दिवस तू देशील?' असं थेट विचार. 'मला त्रास होतो' म्हटलं की मोठी माणसं 'हो गं, कळतं मला' म्हणतात आणि गोष्ट तिथंच राहते. दिवस विचारले की दिवस द्यावे लागतात.

बाबांनीही काहीतरी करावं. संध्याकाळचा एक छोटा फोन आजीला करून बघावा, आईची हरकत नसेल तर, आणि ते दोघांनी आपसात ठरवावं. त्यांचं मराठी कसंही असो. आजीनं त्यांच्यासाठी वही भरली होती, आता चार वाक्यं त्यांनी शिकावीत. फोननंतर ती जास्तच बेचैन होते असं दिसलं, तर मात्र बंद करा.

आणि तुझ्यासाठी: केसांबद्दलचं ते वाक्य बाबांना सांगितलंस का? मला वाटतं नसशील, त्यांना लागेल म्हणून. सांग. आईला ते ऐकून वाईट वाटलं असेल, पण बाबांना ते ओळखीचं असेल. ते परक्या देशात येऊन राहिले. 'तू नक्की कुठली?' हा प्रश्न तुझ्या आधी त्यांनी ऐकला आहे, तुझ्याहून जास्त वेळा. याबाबतीत घरात तुला सगळ्यात जास्त समजू शकणारं माणूस तेच आहे, आणि ते आठ महिन्यांपासून दुसऱ्या गावी आहे. म्हणून बोलणं तुला मुद्दाम करावं लागेल. त्यांच्याच भाषेत बोल.

'हे सगळं एकदाचं संपावं' या वाक्याकडे येते. त्याचा अर्थ आजीचा त्रास आणि ही रोजची ओढाताण संपावी असा असेल, तर लाज धरू नकोस. आजारी माणसाला सांभाळणाऱ्या खूप जणांच्या मनात हे येतं, माझ्याही आलं होतं. आईवर माझं प्रेम होतं तेव्हाच ते आलं होतं. पण त्यात 'मीही संपावं' असं कुठं मिसळलेलं असेल, तर हे वाचून झाल्यावर, आजच, एका मोठ्या माणसाला सांग. आई, बाबा, शाळेतल्या समुपदेशक, डॉक्टर, कुणीही. नीट सांगता येईल का याचा विचार करू नकोस. हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात एका प्रकारच्या दुःखाला नाव दिलं: अँबिग्युअस लॉस. मी त्याला अधांतरी वियोग म्हणते. त्यांनी सुरुवातीला व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, पुढे अल्झायमरच्या रुग्णांच्या कुटुंबांचा. त्यांच्या मते हा वियोग दोन तऱ्हांचा असतो. एकात माणूस समोर नसतं, पण मनातून हलत नाही. दुसऱ्यात माणूस समोर बसलेलं असतं, पण आतून निघून चाललेलं असतं. तुझ्या घरात या दोन्ही तऱ्हा एकाच वेळी आहेत. बाबा पहिल्या तऱ्हेनं, आजी दुसऱ्या तऱ्हेनं. कुणी वारलं की लोक भेटायला येतात, शाळेत रजा मिळते. तुझ्याकडे कुणीही आलं नाही, कारण वरवर बघता कुणीच गेलेलं नाही. तू दमली आहेस ती कमकुवत आहेस म्हणून नाही. ज्याला बाहेर नाव नाही असं दुःख तू एकटीनं वागवते आहेस. निदान एका मैत्रिणीला याचं नाव सांगून ठेव.

एक गोष्ट आईच्या कानावर घाल. आजीचा गोंधळ हळूहळू न वाढता एक-दोन दिवसांत अचानक खूप वाढला, ती एकदम सुस्त झाली किंवा नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, तर 'आजार वाढला' म्हणून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या किंवा दुसऱ्या संसर्गानं, शरीरात पाणी कमी पडल्यानं, कधी नव्या औषधानं असं होतं आणि त्यावर उपचार असतात. लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि तू न विचारलेला एक प्रश्न: आईला किंवा मलाही हे होईल का? या आजाराचा सगळ्यात मोठा धोका वाढतं वय हाच आहे. आईवडिलांकडून थेट येणारा अल्झायमर फार दुर्मीळ असतो आणि तो बहुधा पासष्टीच्या आतच दिसू लागतो. आजीला म्हातारपणी झाला म्हणून तुमचं ठरलेलं आहे, असं नाही.

आजी बरी होणार नाही, हे तुला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. मध्येच एखाद्या सकाळी ती तुला नावानं हाक मारेल, दुपारी पुन्हा विसरेल. ती सकाळ तुझी, दुपारमुळे ती खोटी ठरत नाही.

तू खाली सही केलीस: दोन्हीकडची, कुठलीच नाही. आजीचं वाक्य तुला इतकं का लागलं, हे मला त्या सहीत दिसलं. जगात सगळे तो प्रश्न विचारत होते, एक माणूस विचारत नव्हतं, आणि शेवटी त्याच्याही तोंडून तोच आला. याला माझ्याकडे फुंकर नाही. फक्त त्या वहीचे फोटो काढून ठेव एवढं सांगते. मूळ वही तिच्या उशाशीच राहू दे, तिथून हलवली तर ती शोधत बसेल. निवांत एकेक पान वाच. अक्षरं आजीची, शब्द बाबांचे, आणि दोन्ही तुला अडखळल्याशिवाय वाचता येतात.

शेवटी केस. हातांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामांची आठवण मेंदूत वेगळ्या ठिकाणी असते आणि या आजारात ती बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकते. नावं विसरलेली माणसं घड्या घालतात, विणतात, पेटी वाजवतात. एखाद्या सकाळी, ती ताजीतवानी असताना, तिच्याकडे पाठ करून खाली बस. कंगवा तिच्या हातात दे आणि काही बोलू नकोस, काही विचारू नकोस. तिनं तुझे केस हातात घेतलेच, तर ती तुझं नाव सांगू शकते की नाही हे बघायला मागे वळू नकोस. आणि नाहीच घेतले, कंगवा नुसता धरून बसली, तर तो अलगद काढून घे आणि तिचे केस तू विंचर. टोकांकडून सुरुवात कर, म्हणजे ओढ बसत नाही.

– ताई